थंडीतलं लग्न आणि अवकाळी पाऊस: फोटोग्राफरने तयारी कशी करायची?



लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: "सर, कॅमेरा कुठला घेऊ?" प्रश्न चांगला आहे, पण आज मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो. समजा, डिसेंबरमधलं लग्न आहे. गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर किंवा उघड्या लॉनवर मांडव घातलाय. मुहूर्त अकरा वाजून काही मिनिटांचा आहे आणि साडेदहाला पाऊस सुरू झाला. मांडव गळतोय, लाईट गेली, पाहुणे पत्र्याच्या शेडमध्ये घुसलेत. तुम्ही काय कराल?

कॅमेरा ऐंशी हजारांचा असो की तीन लाखांचा, या प्रश्नाचं उत्तर त्याच्यात नसतं. ते तुमच्या कोटेशनमध्ये, बॅगेत आणि आदल्या दोन दिवसांच्या तयारीत असतं. आज आपण तेच शिकणार आहोत. मांडव, केटरिंग, डेकोरेशन, साऊंड असा लग्नाशी संबंधित कुठलाही व्यवसाय करणार असाल तरी वाचा. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. वही-पेन घेऊन बसा, मध्ये एक हिशोब करायचा आहे.

थंडीत पाऊस? येतो!

आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा सीझन उघडतो. पावसाळा संपलेला असतो, म्हणून लोक बिनधास्त उघड्यावर लग्न ठरवतात. पण पश्चिमी झंझावात आणि समुद्रावरून येणारं बाष्प एकत्र आलं, की नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये कधीही पाऊस होतो, गारासुद्धा पडतात. २०२३ साली तुळशीची लग्नं लागायला सुरुवात होऊन दोनच दिवस झाले होते, आणि २६ नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात गारपिटीने द्राक्षबागा झोपवल्या. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस आणि मार्चमध्ये तर मराठवाडा, विदर्भापासून मोठ्या भागात दिवसेंदिवस गारपीट सुरू होती. शेतकऱ्यांचं नुकसान आपल्याला माहीत आहे. त्याच दिवसांत मांडवही घातलेले असतात, हे आपण विसरतो.

तुम्ही वर्षाला २० लग्नं करणार असाल, तर त्यातल्या एक-दोन लग्नांत हवामान दगा देणार असं धरूनच व्यवसाय उभा करा. शेतकरी जसं एक पाणी कमी पडेल असं धरून चालतो, तसंच.

आणि लग्नात एक गोष्ट इतर सगळ्या कामांपेक्षा वेगळी आहे. प्रॉडक्टचं शूट उद्या करता येतं, प्री-वेडिंग पुढच्या रविवारी ढकलता येतं. मुहूर्त पुढे जात नाही. अंतरपाट एकदाच खाली येतो. तो क्षण हुकला तर पैसे परत करूनही भरपाई होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी तुमची पुढची दहा कामं त्याच मांडवातल्या पाहुण्यांकडून येणार असतात, हेही लक्षात ठेवा.

आधी हिशोब: पावसात पैसे कुणाचे जातात?

आता वही उघडा. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या भागातले दर तुम्ही टाका.

पॅकेज ठरलं ६०,००० रुपये. खर्च असा:

- दुसरा फोटोग्राफर: ८,०००
- व्हिडिओवाला: १०,०००
- ड्रोनवाला: ६,०००
- अल्बम: ९,०००
- एडिटिंग: ७,०००
- प्रवास: ३,०००

एकूण ४३,०००. तुमच्या हातात उरले १७,०००. यात तुमचे लग्नाचे दोन दिवस आणि नंतरचे फोटो निवडण्याचे आठ-दहा दिवस आहेत.

आता पाऊस आणा. बॅटरीवर चालणारे जादा लाईट भाड्याने घ्यावे लागले: २,५००. लाईट धरायला एक जादा मुलगा: १,०००. नंतर कॅमेरा आणि लेन्सची सर्व्हिसिंग: १,५००. ड्रोन उडालाच नाही, म्हणून मुलीचे वडील म्हणाले, "ड्रोनचे सहा हजार कमी करा." आणि ड्रोनवाला म्हणतो, "दादा, मी तर सकाळी सहापासून हजर आहे, माझा दिवस गेला." त्याचंही खरं आहे.

२,५०० + १,००० + १,५०० + ६,००० = ११,०००. तुमच्याकडे उरले ६,०००. सगळ्यात जास्त राबणूक झाली त्या दिवशी कमाई एक तृतीयांशावर आली.

नीट बघा, यातला सर्वात मोठा आकडा ड्रोनचा आहे, आणि त्याचा फोटोच्या कौशल्याशी काही संबंध नाही. "ड्रोन उडाला नाही तर काय?" हे आधी कुणी बोललंच नव्हतं, म्हणून तो तुमच्या माथी बसला.

कोटेशनमध्ये पाच ओळी लिहा

यासाठी वकिली भाषा लागत नाही. साध्या लेटरहेडवर, समोरच्या माणसाला कळेल अशा मराठीत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. नमुना देतो:

१. पाऊस, वादळ किंवा वीज असताना ड्रोन उडवला जाणार नाही. हजर राहूनही ड्रोन उडवता आला नाही, तर रक्कम कमी होणार नाही. त्याऐवजी अल्बममध्ये ठरलेली जादा पानं किंवा दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीचं एक तासाचं शूट दिलं जाईल.

२. कार्यक्रमाची जागा बदलली, तरी ठरलेले विधी आणि ठरलेले तास यांचं शूट केलं जाईल. उघड्यावरचे ठरवलेले फोटो शक्य नसतील, तर आत पर्यायी जागी काढले जातील.

३. हवामानामुळे लग्नाची तारीखच बदलली, तर भरलेला ॲडव्हान्स नव्या तारखेला धरला जाईल. त्या तारखेला आमचं दुसरं काम नसावं. असल्यास आमच्या ओळखीची दुसरी टीम याच दरात देऊ.

४. कार्यक्रम ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लांबला, तर दर तासाला इतकी रक्कम जादा आकारली जाईल. (आकडा लिहा, जागा रिकामी सोडू नका.)

५. जनरेटर, कोरडी बसायची जागा आणि सामान ठेवायला कुलपाची खोली यजमानांनी द्यावी.

ड्रोनवाल्याशीसुद्धा असंच बोलून घ्या. तो आला आणि उडवता आलं नाही, तर त्याला निम्मे पैसे, असं आधी ठरलं तर तुमचे तीन हजार वाचतात. त्याच पैशांतून ग्राहकाला जादा पानं देता येतात. कुणावर अन्याय नाही, आणि ऐन मांडवात वाद नाही.

कागद का हवा? लग्नाचे फोटो ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे आणि ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. उद्या तक्रार झाली तर "आपलं बोलणं झालं होतं" याला फारसा आधार राहत नाही, कागदाला राहतो. पण त्याहून मोठा फायदा रोजचा आहे. कागद वाचताना यजमानही विचार करायला लागतात, "अरे, खरंच पाऊस आला तर?" आणि ते मांडववाल्याला ताडपत्रीचं विचारतात.

हे बोलणं कसं काढायचं, ते बघा.

यजमान म्हणतील, "अहो, थंडीतलं लग्न आहे, पाऊस कुठला?"

तुम्ही म्हणा, "काका, नाही आला तर उत्तमच. पण आला तर तुम्ही पाहुण्यांच्या गडबडीत असाल, तेव्हा मला तुम्हाला काही विचारायला लागू नये, म्हणून आत्ताच ठरवून ठेवू."

बहुतेक माणसांना हे पटतं. ताईंच्या लग्नाची काळजी तुम्हालाही आहे, हे त्यांना दिसतं.

दोन दिवस आधी: अंदाज बघा, जागा बघा

भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' ॲप फोनमध्ये ठेवा. जिल्ह्यासाठी रंगांचे इशारे येतात: हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पुढच्या तीन तासांसाठी हवामान विभागाचे वेगळे इशारेही निघतात. लग्नाच्या सकाळी तेच कामाचे. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप आहे. आसपास वीज पडतेय का, ते त्यात कळतं.

पिवळा किंवा केशरी इशारा दिसला, की यजमानांना एक मेसेज टाका. असा:

"नमस्कार काका. परवा आपल्याकडे पावसाचा पिवळा इशारा आहे. काळजी करू नका, आमची तयारी आहे. पाऊस आला तर मुहूर्त कुठे लावायचा, शेडमध्ये की कार्यालयात, तेवढं ठरवून कळवा. उद्या संध्याकाळी मी जागा बघून जातो."

हा मेसेज फुकटचा आहे, पण यजमानांच्या मनात तुमचं स्थान त्या क्षणी बदलतं.

जागा बघायला गेलात की या गोष्टी तपासा:

- पाऊस आल्यावर सगळे कुठे जाणार? तिथे उजेड कुठून येतो? शेडचं मोठं दार कुठल्या दिशेला आहे?
- छप्पर कशाचं आहे? पत्रा, सिमेंटचा पत्रा, की ताडपत्री? ताडपत्रीचा रंग कोणता?
- वीज गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो आणि स्टेजचा लाईट त्यावर आहे का?
- गाडी किती जवळ येते? काळ्या मातीचं शेत असेल तर पाऊस झाल्यावर गाडी रुतणार. गाडी डांबरी रस्त्यावर, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा.
- घरातली कोरडी, भिंतीचा रंग फिका असलेली एक खोली. कुटुंबाचे फोटो तिथे निघू शकतात.

बॅगेत काय असावं

महागडं काही सांगत नाही.

कॅमेऱ्याचे रेनकव्हर दोन. ते नसेल तर जाड पारदर्शक पिशवी आणि रबर बँड, लेन्सपुढे भोक पाडून. "माझा कॅमेरा वेदर सील्ड आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. वेदर सील्ड म्हणजे चार शिंतोडे चालतील, वॉटरप्रूफ नव्हे. पाणी आत गेलं तर वॉरंटीमध्ये सहसा बसत नाही.

लेन्सहूड कायम लावलेला, कारण थेंब काचेवर पडायचे तेवढेच कमी. सुती पंचे चार आणि लेन्स पुसायचे मऊ कापड चार-पाच, वेगवेगळ्या खिशांत. एक भिजलं की ते परत वापरायचं नाही.

दोन पारदर्शक छत्र्या. रंगीत छत्री घेऊ नका. लाल छत्रीखाली नवरीचा चेहरा लाल दिसतो, काळ्या छत्रीखाली अंधार होतो. पारदर्शक छत्रीतून उजेड खाली उतरतो आणि चेहरा उजळ राहतो.

बॅटरीवरचे दोन फ्लॅश आणि त्यांचे जादा सेल. पावसात वायर लावून चालणारे लाईट वापरूच नका. ओल्या जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. लाईट स्टँडला वाळूची पिशवी बांधा, वाऱ्यात तो आधी पाहुण्यांवरच पडतो.

कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. निफाडसारख्या भागात थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, अंगाच्या उबेने टिकते.

आणि मेमरी कार्डसाठी झिपची प्लास्टिक पाकिटं. भरलेलं कार्ड वेगळ्या पाकिटात, ते तुमच्या अंगावर. बॅगेत ठेवू नका.

मुहूर्ताच्या वेळी शेडमध्ये

आता खरी परीक्षा. सगळी माणसं एका शेडमध्ये आलीत, दार सोडलं तर उजेड नाही, वरून पत्रा वाजतोय.

पहिली गोष्ट: काचेवरची वाफ. थंड पाण्याचा पेला बाहेर ठेवला की त्यावर दव जमतं, तसंच गार कॅमेरा गर्दीच्या उबदार शेडमध्ये आणला की लेन्स धुरकट होते. नवरीच्या एसी खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आल्यावरही हेच होतं. उपाय असा की कॅमेरा आत आणण्याआधी पिशवीत बंद करा, पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या, मग काढा. पण मुहूर्ताला वीस मिनिटं कोण देणार? म्हणून एक कॅमेरा सकाळपासून शेडमध्येच ठेवा. दुसरा बाहेर फिरू दे.

दुसरी गोष्ट: रंग. निळ्या ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे निळसर येतात, हिरव्या शेडनेटखाली हिरवट. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स इथे गोंधळतो. पांढऱ्या वस्तूवरून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा. ग्रे कार्ड नसेल तर साधा पांढरा कागद चालतो. आपल्याकडच्या लग्नात पांढऱ्या टोप्यांना तोटा नसतो, फक्त नीळ घातलेली नको! आणि फोटो रॉमध्ये काढा, म्हणजे नंतर रंग सुधारता येतो. रंगीत कापडाच्या छताकडे फ्लॅश मारून उजेड परतवू नका, त्याच रंगाचा उजेड चेहऱ्यावर येईल. एखाद्याला पांढरा थर्माकोल किंवा पांढरी चादर धरायला लावा आणि फ्लॅश त्यावर मारा.

तिसरी गोष्ट: एलईडीची लुकलुक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, पण फोटोत आणि व्हिडिओत काळे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. व्हिडिओवाल्यालाही हे सांगा. एफ २.८ किंवा त्याहून मोठं ॲपर्चर आणि आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत जायला घाबरू नका. दाणेदार फोटो अल्बममध्ये चालतो, हललेला चालत नाही.

चौथी गोष्ट: आवाज. पत्र्यावरच्या पावसात मंगलाष्टकं कॅमेऱ्याच्या माईकला ऐकूच येत नाहीत. साऊंडवाल्याला आधीच सांगून त्याच्या मिक्सरमधून आवाज रेकॉर्डरमध्ये घ्या. ते जमत नसेल तर गुरुजींची परवानगी घेऊन त्यांच्या उपरण्याला छोटा माईक लावा. पावसाचा आवाज वेगळाही रेकॉर्ड करा, व्हिडिओच्या सुरुवातीला तो फार सुंदर लागतो.

पाचवी गोष्ट: जागा. उभं राहायची जागा मंगलाष्टकांच्या आधी दहा मिनिटं धरा. पहिला फोटोग्राफर अंतरपाटाच्या बाजूला, दुसरा थोडा उंचावर, स्टुलावर. दोघांनी एकाच बाजूला उभं राहायचं नाही. एकाच्या पुढे कुणी मामा आले तर दुसऱ्याकडे फोटो असतो. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की दोघांनीही लेन्स पुसून घ्यायची. अक्षता पडताना पुसायला वेळ नसतो.

कुटुंबाचे फोटो लवकर उरका

पावसात सगळ्यात आधी निघतात ती म्हातारी माणसं. आणि दहा वर्षांनी अल्बम उघडल्यावर सगळ्यात आधी शोधली जातात तीही तीच. म्हणून पाऊस दिसला की क्रम बदला. जेवणाच्या पंगतीआधीच आजी-आजोबांसोबतचे फोटो घ्या.

यजमानांकडून आधीच दहा-बारा गटांची यादी घ्या: आईकडचे, वडिलांकडचे, आत्या, मावश्या, भाचरं. दोन्ही बाजूंचा एकेक जाणता माणूस ठरवा. तुम्ही ओरडून पाहुणे गोळा करू शकत नाही, पण मुलीच्या मावशी करू शकतात. "मावशी, आता आत्यांचा गट आणता का?" एवढं म्हटलं की काम होतं.

पाऊस दाखवा

पाऊस थोडा उतरला, वीज कडकडत नाही, तेव्हा नवरा-नवरीला फक्त पाच मिनिटं मागा. पारदर्शक छत्री द्या. दोघांच्या मागे, दोन-तीन मीटरवर एक फ्लॅश जमिनीजवळ ठेवा, तो त्यांच्या आड लपेल असा, तोंड कॅमेऱ्याकडे. फ्लॅशवर पिशवी बांधा. मागे झाडं किंवा अंधारी जागा हवी. शटर १/२००, आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. मागून उजेड आला की प्रत्येक थेंब चमकतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारलात तर जवळचे थेंब पांढरे डाग होऊन बसतात, म्हणून तो बंद.

पण एक नियम पक्का. गडगडाट ऐकू आला की उघड्यावर कुणीही नाही. नवरा-नवरी नाही, लाईट धरणारा मुलगा नाही, तुम्हीही नाही. झाडाखाली तर मुळीच नाही. वारा वाढून मांडवाचे पाईप हलायला लागले तर तिथून लोकांना हलवायला मदत करा, कॅमेरा खाली ठेवा. कुठलाही फोटो माणसापेक्षा मोठा नाही. तुमच्याकडे हजेरीवर आलेल्या मुलाची जबाबदारी तुमची आहे.

नवरीची आई रडवेली झालेली असते, हे विसरू नका. वर्षभर ठरवलेलं सगळं चिखलात गेलेलं असतं. त्या वेळी कॅमेऱ्यातला एक चांगला फोटो त्यांना दाखवा. "काकू, हे बघा, ताई किती छान दिसतायत." त्या एका वाक्याने पुढचे दोन तास सगळ्यांचे सोपे जातात. तुमचंही.

घरी आल्यावर

रात्री कितीही उशीर झाला तरी झोपण्याआधी सगळी कार्डं दोन ठिकाणी कॉपी करा. दुसरी हार्डडिस्क दुसऱ्या फोटोग्राफरकडे राहू द्या. पावसात रात्री दुचाकीवरून जाताना दोन्ही प्रती एकाच बॅगेत नकोत.

कॅमेरा कोरड्या कापडाने पुसा. बॅटरी आणि कार्ड काढून ठेवा. आत पाणी गेल्याचा संशय असेल तर "चालतोय का बघू" म्हणून सुरू करू नका, त्यानेच सर्किट जळतं. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि सर्व्हिसवाल्याला दाखवा. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी तर लेन्स कायम अशाच डब्यात ठेवाव्यात, नाहीतर काचेवर बुरशी धरते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा निवडक फोटो यजमानांना पाठवा. पावसातले नक्की. लोकांच्या मनात तेव्हा "सगळा विचका झाला" एवढंच असतं. तुमचे फोटो बघून त्यांची आठवण बदलते. आणि न विचारता राखाडी आभाळाच्या जागी नकली सूर्यास्त चिकटवू नका. त्या दिवशी पाऊस होता, हे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माहीत आहे.

पावसाचा डबा

शेवटी पुन्हा पैशांकडे येऊ. प्रत्येक ऑर्डरमधून १,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाका. २० लग्नांचे ३०,००० होतात. भाड्याचे लाईट, सर्व्हिसिंग, एखादा गेलेला फ्लॅश, सगळं यातून. हे १,५०० तुमच्या नफ्यातून काढायचे नाहीत, कोटेशन करतानाच खर्चात धरायचे. वर्ष कोरडं गेलं तर त्या पैशांतून दुसरी कॅमेरा बॉडी घ्यायला हातभार लागेल.

सामानाचा विमाही विचारा. पोर्टेबल इक्विपमेंटसाठी पॉलिसी मिळते, पण सही करण्याआधी "पाण्याने झालेलं नुकसान धरता का? भाड्याने आणलेलं सामान धरता का?" हे दोन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या.

आणि तुमच्या तालुक्यातल्या तीन फोटोग्राफरशी मैत्री ठेवा. ओढ्याला पाणी आलं आणि तुम्ही पलीकडे अडकलात, तर मुहूर्ताला उभा राहणारा माणूस तुमचा स्पर्धकच असणार आहे. उद्या त्याच्यासाठी तुम्ही उभे राहाल.

गृहपाठ

या आठवड्यात तीन कामं करा.

पहिलं: वरच्या पाच ओळी तुमच्या भाषेत, तुमच्या दरांसह लिहून काढा आणि घरातल्या मोठ्या माणसाला वाचायला द्या. त्यांना एकही शब्द विचारावा लागला तर ती ओळ परत लिहा.

दुसरं: तुमच्या पॅकेजचा पावसाळी हिशोब मांडा. कोरड्या दिवशी किती उरतात आणि ओल्या दिवशी किती, दोन्ही आकडे समोरासमोर हवेत.

तिसरं: घरातल्या अंधाऱ्या खोलीत किंवा गोठ्यात, एका बॅटरीच्या फ्लॅशवर, घरच्याच माणसांचे २० फोटो काढा. बाहेर बागेच्या पाईपने पाणी उडवून मागच्या उजेडाचा प्रयोगही करून बघा. कॅमेऱ्याला पिशवी बांधून, अर्थातच!

फोटोग्राफीऐवजी केटरिंग किंवा मांडवाचा व्यवसाय असेल, तर पहिली दोन कामं तुम्हालाही लागू आहेत. "पाऊस आला तर कुणाचे किती जाणार?" या प्रश्नाचं लेखी उत्तर पुढची ऑर्डर घेण्याआधी तुमच्याकडे हवं.

पुढच्या भागात ॲडव्हान्स किती घ्यायचा आणि उरलेले पैसे लग्नाच्या दिवसाआधी कसे मागायचे, ते बघू. तोवर हिशोब करून ठेवा. भेटू!